लांबलेला सूर

तरुणपणी ती एकदाच रेकॉर्डिंगमध्ये गायली, तेही कोरसमध्ये. कडवं संपलं, सगळ्या थांबल्या आणि हिचा सूर एकटाच लांबत गेला. तबकड्या बाजारात गेल्यावर चूक कळली. कंपनीने त्या परत मागवून वितळवल्या आणि हिला घरी बसवलं. नवरा जन्मभर चिडवायचा, “आमच्या हिला थांब म्हटलं की चेव येतो.” आज जुन्या गाण्यांचा एक शौकीन वितळवायची राहिलेली तबकडी घेऊन दारात आला. “या लांबलेल्या सुरापायी आम्ही गावंच्या गावं पालथी घालतो, बाई. तुमचाच ना तो?” तिने मान खाली घालून हो म्हटलं. तबकडी फिरू लागली. आता ठार बहिरा झालेल्या नवऱ्याने स्पीकरच्या लाकडावर तळवा टेकवला. कडवं संपताच थरथर ओसरली. एकच बारीक लहर तेवढी थांबेना. तो शेजाऱ्यापाजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात पाहुण्याला म्हणाला, “ही आमची.”