चेटकीण
व्होल्टा नदीकाठच्या प्रार्थनागृहात संदेष्ट्यानं एसिनामच्या म्हाताऱ्या आईकडे बोट दाखवलं. “हिनंच तुझी कूस खाल्ली. ही चेटकीण आहे!” सभेत किंकाळ्या उठल्या. नऊ वर्षं मूल नसलेल्या एसिनामच्या हाती कोणीतरी वेत दिला. “झोडप तिला, म्हणजे कूस उजवेल.” आई पुटपुटली, “येशूचं नाव तुला मीच शिकवलं ना गं?” एसिनामनं सभेकडे पाहिलं. गेल्या रविवारी याच माणसांनी एका विधवेला इथंच रक्तबंबाळ केलं होतं. एसिनामनंही टाळ्या वाजवल्या होत्या. तिनं वेत भिरकावला. “माझा प्रभू आईला मारायला सांगणार नाही. हा आवाज त्याचा नाही.” “हीसुद्धा चेटकीण!” संदेष्टा गरजला. बाकं सरकली. आईला कवेत घेऊन ती दाराकडे धावली. दारावर पहाऱ्याला असलेल्या सेलोर्म नावाच्या पोरानं कडी काढली, त्यांना बाहेर ढकललं. “पळा, ताई! मला यांना फार वेळ अडवता येणार नाही.”