चार घरांचा बैल

बैल गोठ्याच्या उंबऱ्यापर्यंत आला आणि तेथे त्याने पुढचे दोन्ही पाय रोवले.

पंग शौयीने दावे ओढले. वेसण ताणली गेली, बैलाची मान लांबली. पाय मात्र हलले नाहीत. समोरच्या खळ्यावर जमलेली माणसे हसली.

“शौयी, तुझ्या वाट्याला डावा पाय आलाय ना? मग डावाच ओढ की. अख्खा बैल कशाला ओढतोस?”

सामुदायिक शेतीच्या तुकडीची सामाईक मालमत्ता त्याच सकाळी चिठ्ठ्या टाकून वाटली गेली होती. हुआई नदीकाठी त्या हिवाळ्यात गावोगाव हेच चालले होते. जनावरे थोडी आणि घरे पुष्कळ. म्हणून एका बैलात चार घरे, घरटी एक पाय, असे ठरले. ज्या म्हाताऱ्या तानने हा बैल वासरू असल्यापासून सांभाळला, ज्याची खाट गव्हाणीला लागून होती, त्याच्या चिठ्ठीत मात्र नांगर निघाला.

तान गव्हाणीजवळ पालथ्या टोपलीवर बसून चिलीम भरत होता. बैल का थांबला हे त्याला ठाऊक होते. त्याने टाळूला जीभ लावून एकदा आवाज केल्याखेरीज या बैलाने आजवर उंबरा ओलांडलेला नव्हता. आज त्याने जीभ हलवली नाही. शौयीने बैलाच्या पाठीवर थाप मारली, तेव्हा तानने नजर दुसरीकडे वळवली. परक्या हाताखाली ती कातडी थरथरली नाही, हे तेवढ्यातही त्याच्या लक्षात आले होते.

वाटणी झाल्यावर त्याने तुकडीप्रमुख शी याला गाठून विचारले होते, “बैल त्यांच्या हाताला आलाच नाही, तर?”

“तर तो गोठ्यात राहील आणि तूही राहशील,” शी म्हणाला होता. “चारी घरं तुला धान्य देतील. पण गेला, तर उद्या गोठा पाडायचा. तुळया वाटायच्यात अजून.”

आता उरलेल्या तिन्ही घरचे पुरुष पुढे झाले. दोघांनी मागून रेटले, एकाने शेपटी पिळली. बैलाने फक्त कान मागे वळवले, तानच्या दिशेने. तानने चिलीम पेटवली. सकाळपासून प्रथमच तंबाखूला चव आली.

“काका,” शौयी घाम पुसत म्हणाला, “एकदा वाजवा ना जीभ.”

“मी का वाजवू? माझ्या चिठ्ठीत नांगर आलाय. त्याला हाक मारून बघतो, येतो का.”

खळ्यावर पुन्हा हशा पिकला. शी मात्र हसला नाही. “तान, तुझ्या पोटात दुखतंय.”

“दुखतंय. गारठा आहे.”

“लोकांचा बैल आहे तो.”

“काल होता लोकांचा,” तान म्हणाला. “आज चौघांचा आहे. चौघांनी न्यावा.”

सूर्य खाली आला होता आणि बायका चुलीकडे परतू लागल्या होत्या. “राहू दे त्याला इथंच,” तिघांपैकी एकजण पुटपुटला. तानने ते ऐकले. त्याने पाय सैल सोडले.

एवढ्यात शौयीची बायको ल्यान्युन खळे ओलांडून आली. तिच्या हातात फडक्यात बांधलेले काहीतरी होते. ती दारापासून चार हात दूर थांबली, नवऱ्याला म्हणाली, “दावं सोडा,” आणि खाली बसून तिने गाठ सोडली. आत सोयाबीनच्या पेंडीची जाड चकती होती. तिच्या माहेरी जमिनी गेल्याच वर्षी वाटल्या गेल्या होत्या; पीक घरचे, घाणा घरचा, पेंडही घरची. तिने चकती दगडावर आपटून फोडली. भाजल्या दाण्यासारखा वास गोठ्यात शिरला.

बैलाच्या नाकपुड्या फुलल्या. तानने चिलीम खाली ठेवली आणि जिभेने आवाज केला. आता निघण्यासाठी नव्हे, थांबण्यासाठी. तो आवाज निराळा होता आणि बैल तोही ओळखत असे.

बैलाने उंबरा ओलांडला. ल्यान्युन उठून मागे मागे सरकत चालली, एकेक तुकडा टाकत, आणि बैल एकेक तुकडा उचलत तिच्यामागून निघाला. त्याने वळून पाहिले नाही. बाकीची तीन घरे आपापल्या पायांमागे गेल्यासारखी त्याच्यामागून गेली.

“तानकाका, तुम्ही याला पेंड कधी घातलीच नाहीत का?” खळ्यावरून कोणीतरी विचारले.

“कुठली पेंड? सोयाबीन सरकारी कोठारात जायचं. खाली सांडलेलं तुझी आई वेचायची. मी रताळ्याचे वेल घालत होतो.”

माणसे पांगली. शी क्षणभर घुटमळला. “उद्या सकाळी खाट हलव,” एवढेच म्हणाला.

तान दाराशी आला. दगडालगत पेंडीचा एक तुकडा राहून गेला होता. त्याने तो उचलला, अंगरख्याला पुसला, सवयीने गव्हाणीकडे वळला आणि थांबला. मग त्याने तो स्वतःच्या तोंडात टाकला आणि उरल्यासुरल्या दातांनी बराच वेळ चावला.

“मीठ जास्त झालंय,” तो शीकडे पाहून म्हणाला, आणि आणखी एखादा तुकडा पडला आहे का, हे वाकून पाहू लागला.