पुढची खुर्ची

माझ्या सासऱ्यांनी उभी हयात तलावावर पाँटून बोट चालवली. दोन लांब पोकळ नळकांड्यांवर तरंगणारी, वर खुर्च्या मांडलेली सपाट बोट. आता त्यांना घरातली माणसं ओळखू येत नाहीत, वारा मात्र बरोबर ओळखतात.

खिडकी आपटली की आमच्या हॉलची बोट होते. "पुढचे सगळे मागे या. लाटांत पुढे वजन राहिलं की बोट पाण्यात नाक खुपसते," असं ते दरडावतात, आणि आम्ही निमूटपणे उठून मागच्या भिंतीशी जाऊन बसतो. नवऱ्याच्या हातात चहा, नणंदेच्या मांडीवर अर्धवट सोललेले मटार. मी घरात नवी, पहिल्यांदा मला हसूच आवरेना. नवरा हळूच म्हणाला, "हसू नकोस, नुसती ऊठ."

सासूबाईंना मी फक्त फोटोत पाहिलंय. त्या कशा गेल्या, हे या घरात कुणी बोलत नाही.

काल वारा जोरात सुटला. आम्ही सगळे मागे सरकलो, तरी सासरे थांबेनात. "पुढे अजून वजन आहे," एवढंच म्हणत राहिले.

"बाबा, पुढे कुणी नाहीये," नणंद म्हणाली.

ते खिडकीजवळच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले आणि तिच्यापुढे वाकले.



"अगं, वारा तोंडावर घ्यायची हौस पुरे आता. आज तरी माझं ऐक, मागे ये."