बाबांच्या नाकातला कान

"डॉक्टर, बाबांच्या नाकात कानाचा तुकडा बसवलाय, तर आता त्यांना नाकानंही ऐकू येणार का?" मैत्रिणींनी पैज लावली होती, म्हणून यशश्रीनं भर वॉर्डात विचारून टाकलं.

डॉक्टर हसले. "दोन ओल्या जखमा समोरासमोर असल्या की एकमेकींना चिकटतात, बेटा. चिकटू नयेत म्हणून मध्ये कानाची कूर्चा ठेवली."

डॉक्टर गेले. पलंगावर बाबा, स्टुलावर आई, मध्ये यशश्री. दाना ओलीच्या गल्लीतलं घर सोडून दर्पण कॉलनीत जायचं की नाही, यावरून दिवाळीपासून दोघांचा अबोला होता.

"यशू, ह्यांना विचार, चहा घेणार का."

"आईला सांग, अर्धा कप."

यशश्री ताडकन उठली. "अकरावीला मी हॉस्टेलमध्ये राहणार, एकदम पक्कं. घरात तुम्ही दोघंच, मध्ये कूर्चा नाही."