डोलणारी अक्षरं

अक्षरं डोलली.

शिवकन्याबाई खुर्ची मागं ढकलून उभ्या राहिल्या. "भूकंप!"

कॉम्प्युटर लॅबमध्ये हशा पिकला. परीक्षेला बसलेली बाकीची सगळी अकरावीची पोरं, ट्यूशनसाठी लातुरात आलेली. किल्लारीकडं जमीन हलली तेव्हा ती पाळण्यात होती. शिवकन्याबाई किल्लारीकडच्याच. तेव्हापासून त्या स्लॅबखाली झोपत नाहीत.

"बसा हो बाई," लॅबवाला अकरम म्हणाला. "टेबलाखाली स्टॅबिलायझर हाय. त्याच्या चुंबकानं पडद्यावरची अक्षरं डोलून राहिलीत. तुम्हीच म्हणलात ना, मॉनिटर खाली घ्या म्हणून?"

म्हणाल्या होत्या. इथं मॉनिटर सीपीयूच्या डब्यावर, उंच. पोरांच्या मानांना काही वाटत नाही. बाईंचा चष्मा दुहेरी भिंगांचा. खालच्या भिंगातून वाचायचं तर मान मागं टाकावी लागते. मागच्या दोन्ही परीक्षा तशाच गेल्या : मान आखडली, डोळ्यांतून पाणी, वेळ संपला. आज नापास झाल्या तर पर्यवेक्षिकेची जागा हातची जाणार आणि निवृत्तीपर्यंत अंगणवाडीतच. म्हणून अकरमनं मॉनिटर टेबलावर उतरवला. अक्षरं मोठी केली. माउसचा बाणही संथ केला.

मान आता सरळ होती. अक्षरं डोलत होती.

"परत वर ठेवू का?"

"नको. डोलू द्या."

प्रश्न : यांपैकी इनपुट साधन कोणते?

माउस. क्लिक.

अक्षरं डोलली. पाय आपोआप दाराकडं वळले. बाईंनी ते खुर्चीच्या पायांत अडकवून टाकले.

प्रश्न : पुसलेली फाइल परत आणण्यासाठी

अक्षरं डोलली.

"मावशी, पळा! भूकंप!" मागच्या पोरांतली कशिश ओरडली. पोरं खिदळली. अकरमनं तिला दटावलं.

बाई उठल्या नाहीत. घाम चष्म्यावर उतरला. पुसला. क्लिक.

प्रश्न.

क्लिक.

शेवटचा प्रश्न.

अक्षरं डोलली. या खेपेला जोरात. बाण उत्तरावरून निसटला.

"भूकंप! भूकंप!" कुणी तरी किंचाळलं. खुर्च्या आपटल्या. पळापळ. किती छळावं पोरांनी! बाईंनी मागं बघितलंच नाही. दात आवळले, डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, बाण परत जागेवर आणला.

क्लिक.

उत्तीर्ण.

"अकरमभाई, झाले बघा मी पास!" त्या हसत वळल्या.

लॅबमध्ये कुणी नव्हतं. खुर्च्या आडव्या पडल्या होत्या. छताचा पंखा बंद होता, तरी झुलत होता. दाराशी सगळ्यांच्या चपलांचा ढीग तसाच होता, आणि खालून, रस्त्यावरून, अनवाणी पोरं जीव तोडून ओरडत होती, "मावशी, बाहेर या! खरंच हाय! खरंच!"

शिवकन्याबाईंनी ढिगातून आपली एक चप्पल शोधली. मग दुसरीही शोधली.