पुढची रांग

मॅनेजरच्या खोलीची काच बंद होती, पण विणखात्याच्या बायकांना त्याने काही फरक पडत नव्हता. मागांच्या खडखडाटात पंधरा-वीस वर्षं काढली की कान कामातून जातात आणि डोळे समोरच्याचे ओठ वाचायला शिकतात. मॅनेजरला हे ठाऊक नव्हतं. तो मागांपाशी कधी पाच मिनिटंही थांबला नव्हता.

संपाचा अकरावा दिवस होता. बायकांची रांग सगळ्यांत पुढे, कारण बायकांवर कोण बंदूक चालवतं, असं सगळ्यांचं म्हणणं. फाटकाच्या गजांपलीकडे शिपाई, आणि वर पहिल्या मजल्यावर, काचेमागे, मॅनेजर आणि पलटणीचा अधिकारी. अधिकारी समुद्रापलीकडून आलेला, हुकूम देण्यापुरती इथली भाषा शिकलेला.

अधिकाऱ्याने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. त्याचे ओठ हलले.

"दहाचे ठोके पडले की गोळीबार. पुढच्या रांगेपासून."

मॅनेजरने मान हलवली. मग विचारलं, "तोवर चहा घेणार?"

रांगेतल्या चाळीस बायकांनी ते वाचलं. कोणी हललं नाही. पुढची रांग मोडली की संप मोडला, हे सगळ्याजणींना पाठ होतं. आणि खरं सांगायचं तर, भीती वाटायलाही अंगात थोडं काही उरावं लागतं. रांगेच्या मध्यावर उभ्या असलेल्या वहिनीने आपलं मन चाचपून पाहिलं. हाती काही लागलं नाही.

तिला सगळ्याच वहिनी म्हणत. खरी नणंद मात्र एकच, तिच्या उजव्या हाताला उभी. संपाआधी तीन आठवडे कामाला लागलेली. कान शाबूत, ओठ वाचायला अजून जमत नव्हतं. हिच्या तोंडाचा पट्टा गिरणीच्या पट्ट्याआधी सुरू होतो, असं वहिनी म्हणायची.

नणंदेने तिचा दंड हलवला. "वहिनी, काय म्हणाला तो?"

खरं सांगितलं असतं तर पोरगी पाय रोवून उभी राहिली असती. हट्ट त्या घराण्यातच होता, वहिनीने तो नवऱ्याकडून भोगला होता. तिला बाकी कशाचं काही वाटत नव्हतं. फक्त ही इथून जायला हवी होती.

"मान्य म्हणतोय," वहिनी तिच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली. "सगळं मान्य. तू घरी जा, आईंना सांग."

"खरंच?"

"मी तुझ्याशी कधी खोटं बोललेय? पळ."

नणंद वळली आणि गर्दीत घुसली. दहाला आठ मिनिटं होती. घर गाठायला तेवढी पुरेशी होती, आणि वहिनीला हायसं वाटलं.

मागे रंगखात्याचे आणि गाठोडी बांधणारे लोक होते, पार रस्त्याच्या वळणापर्यंत. त्यांना ऐकू सगळं येत होतं, पण काचेमागचं दिसत नव्हतं. मागे काय उसळलं, ते पुढच्या रांगेच्या कानांपर्यंत पोचलं नाही. वहिनीला पाठीवर एक धक्का जाणवला, मग दुसरा, आणि ती फाटकाच्या गजांवर दाबली गेली. तिने कशीबशी मान वळवली. अख्खा रस्ता पुढे येत होता. लोक टोप्या उडवत होते, पोरांना खांद्यावर घेत होते.

सगळ्यांच्या पुढे नणंद होती, घामाघूम, गालभर हसत.

"घरी कशाला जायचं आता?" तिचे ओठ म्हणत होते. "आईलाही इकडेच बोलावलंय. सगळ्यांना सांगितलं मी, वहिनी."

"मागे जा," वहिनी म्हणाली. आवाज फुटला की नुसते ओठ हलले, ते तिचं तिलाच कळलं नाही.

नणंदेने हसत मान डोलावली, आणि रेटारेटीतून वाट काढत तिच्या शेजारी येऊन उभी राहिली.