पहिला मान
बाळंतपणाला गेलेल्या बनुबाईला ठेकेदारानं परत कामावर घेतलं नाही, म्हणून कारखान्यात झाडलोट करणाऱ्या एकवीस बायकांना त्यांच्यातलीच मनुबाई साताऱ्याला कामगार अधिकाऱ्यांच्या कचेरीत घेऊन आली होती. कारखान्यानं तर केव्हाच हात झटकले होते. या बायका आमच्या नव्हेत, ठेकेदाराच्या.

ठेकेदार नाथाजी आला, पण खुर्चीवर बसला नाही. "सायेब, माजा काय संबंध? चैतापासनं ठेका दुसऱ्याच्या नावावर हाय," म्हणून त्यानं एक कागद पुढं सरकवला.

साहेबांनी तो दोनदा वाचला. "मनुबाई जोतीराम कोण?"

"मी."

"ठेकेदार तुम्हीच आहात. हा अंगठा तुमचाच ना?"

मनुबाईला चैत्रातली ती सकाळ आठवली. हजेरीचा अंगठा घेता घेता नाथाजी लय गोड बोलला होता. "मावशी, नवा कागद आलाय. सगळ्यांत थोरल्या तुमी, पयला मान तुमचा." रोजच्यासारखाच तिनं तिथंही अंगठा टेकवला होता.

"आवं सायेब, फसवलं ह्यानं मला!"

"ते कोर्टात सांगा, बाई. आज बोलणी तुमच्याशीच." साहेबांनी रिकामी खुर्ची दाखवली.

ती बसली. समोर एकवीस जणी. शालूबाईनं मागण्यांचा कागद हळूच तिच्यापुढं ठेवला आणि डोळ्याला पदर लावला.

कागदाच्या तळाशी बावीस अंगठे होते. सगळ्यांत थोरली म्हणून बायकांनीही पहिला मान मनुबाईलाच दिला होता.